अ‍ॅमस्टरडॅममधला मसालेभात

आमच्याकडे कोणी “तुम्ही तर लहानपणीच सगळा युरोप पाहिलात” असं म्हणालं, की अजूनही माझं डोकं फिरतं. आम्ही युरोप पाहिला नाही. आम्ही युरोपात भात शिजवला. पॅरिसला शिजवला, व्हिएन्नाला शिजवला, रोमला तर हॉटेलच्या बाथरूममध्ये, आरशाखालचा प्लग जळून जाईपर्यंत शिजवला. राजवाडे, म्युझियमं, चर्चेस, मनोरे, जे काही जग बघायला जातं, ते सगळं आम्हाला दोन भातांच्या मधल्या वेळात उरकायचं होतं. आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, नोकरी सोडलीय, न्यूयॉर्कजवळ एडिसनला, लहानपणीच्याच घरात किचन टेबलाशी बसून हे लिहितेय, आणि तरीही त्या ट्रिपचा विषय निघाला की माझी कानशिलं तापतात. वय झालं की माणूस निवळतो म्हणे. मी नाही निवळले.

तेव्हा ओक ट्री रोडवर आपली दुकानं मोजकीच होती आणि कढीपत्ता मिळाला तर लोक एकमेकांना फोन करून सांगायचे. बाबा इंजिनियर. सकाळी डबा घेऊन स्टेशनवर जायचे, न्यूयॉर्कला पुलांची ड्रॉइंग्ज तपासायचे, संध्याकाळी सहा-दहाच्या गाडीने परत. आई नागपूरला एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. इथे तिची ती डिग्री कोणी विचारली नाही, त्यामुळे ती एका इन्शुरन्सच्या ऑफिसात दिवसभर फॉर्म क्रमाने लावायची. घरात हिवाळ्यात रेडिएटर टकटक वाजायचे, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आणि शनिवारी दुपारी एक तिसरा आवाज असायचा, कोळशाची कांडी कागदावर घासल्याचा. ग्रोसरीच्या तपकिरी पिशव्या उलगडून आई त्यांच्यावर चित्रं काढायची. चांगला कागद आणा म्हटलं तर म्हणायची, “राहू दे गं, याच्यावर उजेड छान दाखवता येतो.” मी आणि बाबा तिला जेवायला कधी ते विचारायचो. त्या चित्रांकडे दोघांपैकी कोणीच नीट पाहिलं नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर तोंड टाकेन तेव्हा वाचणाऱ्याला माझा हिशोबही माहीत असेल.

आईच्या मनात एक चित्र होतं. नागपूरला ती जिथे चित्रकला शिकली, तिथल्या वर्गात एका जुन्या डच चित्रकाराच्या चित्राची काळी-पांढरी छापील प्रत टांगलेली होती. एक म्हातारी बाई, मांडीवर उघडं पुस्तक, पानावर ठेवलेला सुरकुतलेला हात, आणि मागे नुसता अंधार. आईचे सर सांगायचे, सावलीत जो काळा रंग घालतो तो आळशी. मग या एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या अंधारात काय घातलंय? काळा, की आणखी काही? यावरून वर्गात भांडणं व्हायची म्हणे. एडिसनला आल्यावर तिने लायब्ररीतून रंगीत पुस्तकं आणली. एकात तो अंधार तपकिरी, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात काळाकुट्ट. तिन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ती चिडायची. “बघ, छापणाऱ्यांनी काय खेळ मांडलाय! खरं चित्र समोर उभं राहून बघितल्याशिवाय काही कळायचं नाही.” ते खरं चित्र अ‍ॅमस्टरडॅमला होतं. नोकरी, घर, गाडी, दागिने, यातलं काहीच आईने कधी मागितलं नाही. तिला फक्त त्या अंधाराचा रंग बघायचा होता.

म्हणून करंदीकरकाकांनी युरोपची ट्रिप काढली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला, की बाबांनी न विचारता पैसे भरले. करंदीकरकाका म्हणजे आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. गणपती त्यांच्या गराजमध्ये बसायचा, दिवाळीचा हॉल त्यांच्या नावाने बुक व्हायचा, नाटकात कोण काम करणार तेही तेच ठरवायचे. ट्रिपला आम्ही बावीस जण होतो, दोन व्हॅन भाड्याने घेतल्या होत्या, आणि काकांचा एक सिद्धान्त होता की बाहेरचं खाल्लं की आपल्या लोकांची पोटं बिघडतात. त्यामुळे दोन मोठे राइस कुकर, एक प्रेशर कुकर, इलेक्ट्रिक शेगडी, गोडा मसाला, मेतकूट आणि तांदळाची पोती असं सगळं नूअर्कच्या विमानतळावरून आमच्याबरोबर उडालं. सोबत प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक तक्ता होता. कोणत्या दिवशी स्वयंपाकाला कोण मागे थांबणार त्याचा. पंधरा वर्षांवरच्या सगळ्या मुली आणि सगळ्या बायका त्यात होत्या. एकाही पुरुषाचं नाव नव्हतं. पुरुषांकडे “ड्रायव्हिंग आणि प्लॅनिंग” होतं. ड्रायव्हिंग दोघं करायचे. बाकीचे प्लॅनिंग करायचे, म्हणजे सीटवर मान टाकून घोरायचे!

आईने निघायच्या आधी एक विनंती केली होती. मी तिथेच होते, काकांच्या बेसमेंटमध्ये. “भाऊजी, माझं नाव कुठल्याही दिवशी लावा, दोनदा लावा, पण अ‍ॅमस्टरडॅमचा दिवस तेवढा मोकळा ठेवा.” काका म्हणाले, “अहो वहिनी, एवढंच ना? निश्चिंत राहा. डन!” आणि आई खरंच निश्चिंत राहिली. पॅरिसला तिने पोळ्या केल्या. व्हिएन्नाला राजवाडा बघायच्या दिवशी पुन्हा तिचंच नाव होतं, तरी कुरकुर नाही. मी राजवाड्यात गेले. चौदाशे खोल्या आहेत, असं काका कुठूनतरी वाचून सांगत होते आणि आम्ही त्यातल्या सात-आठ धावत पाहिल्या, कारण साडेबाराला काकांचं घड्याळ आणि पोट एकदमच वाजलं. राणीच्या पलंगासमोर उभं राहून ते म्हणाले, “चला चला, आमटी गार होतेय.” रांगेतले लोक वळून बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण व्हिएन्नाची धरणी फार पक्की आहे.

रोमला करंदीकरकाकूंचा पाय मुरगळला. शेवटच्या दिवशी, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला, स्वयंपाकाचं नाव त्यांचं आणि त्यांच्या नेहाचं होतं. नेहा माझ्याच वर्गात होती. त्यातून त्याच दिवशी काकांचा पन्नासावा वाढदिवस होता, त्यामुळे साधा वरणभात चालणार नव्हता, मसालेभात आणि शिरा हवा होता. काकांनी हॉटेलच्या पार्किंगमध्ये बाबांना गाठलं. आईला नाही विचारलं, बाबांना विचारलं. “देशपांडे, वहिनींना आणि तुमच्या पोरीला शेवटच्या दिवशी टाकतो. वहिनींच्या हातचा मसालेभात म्हणजे काय, विचारूच नका! चालेल ना?” बाबा सामान चढवत होते. मान वर न करता म्हणाले, “चालेल की. तिला काय.” मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. “तिला काय” हे दोन शब्द मी त्यानंतर किती वेळा आठवले असतील! बाबा वाईट नव्हते. त्यांनी आईवर कधी आवाज चढवला नाही, पगार कधी लपवला नाही. पण तिला काय हवंय ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. वीस वर्षं एका टेबलावर जेवून माहीत नव्हतं. वाईट असते तर मला रागवायला सोपं गेलं असतं.

आईने तक्ता वाचला तो अ‍ॅमस्टरडॅमला पोचल्यावर संध्याकाळी. अपार्टमेंट हॉटेल होतं, किचनच्या दारावर काकांनी तो चिकटवला होता. तिने दोनदा वाचला. खोलीत येऊन बाबांना एवढंच विचारलं, “अहो, तुम्ही हो म्हणालात?” बाबा म्हणाले, “अगं, काकूंचा पाय दुखतोय. आणि एक चित्र तर आहे. मी येताना पोस्टकार्ड आणतो ना.” पोस्टकार्ड! म्हणजे पुन्हा छापलेलं! आईने बॅग उघडली आणि सकाळसाठी तांदूळ मोजून काढले.

सकाळी सगळे आवरून खाली निघाले. पाय मुरगळलेल्या काकूंना ओट्याशी उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांना म्युझियममध्ये चाकाच्या खुर्चीतून फिरवायचं ठरलं होतं. हे मी चेष्टेने लिहीत नाही, असंच झालं. ज्या बाईला चित्र आणि कॅलेंडर यातला फरक माहीत नव्हता तिला ढकलत नेलं, आणि माझी आई बावीस माणसांचे कांदे चिरत बसली. मी पण थांबणार होते, तक्त्यात माझंही नाव होतं. आईने माझ्या हातातली सुरी काढून घेतली. “तू जा. तुझं मी करते. तुझी नजर माझ्यासारखी आहे. माझ्यासाठी बघून ये आणि मला सांग, त्या म्हातारीच्या मागे काय आहे. काळा आहे का नुसता? नीट बघ, घाई करू नकोस.” मी म्हणू शकले असते की आई, तू जा, मी करते. मसालेभात मला येत नव्हता, पण जळका केला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? काकांनी एक दिवस जळका भात खाल्ला असता. हे वाक्य मला सुचायला पाच-सहा वर्षं लागली. तेव्हा मी कोट घातला आणि गेले.

म्युझियममध्ये आम्हाला दीड तास होता. त्यातला पहिला तास मी आणि नेहा खाली कॅफेत बसलो, हॉट चॉकलेट घेतलं, शाळेच्या बँडमधल्या एका मुलाबद्दल बोललो. सोळा वर्षांच्या मुलीला वेळ पुष्कळ आहे असंच वाटत असतं. मग दुकानात गेलो, तिथे निळ्या नक्षीच्या टाइल्स आणि बशा मांडल्या होत्या, त्या हातात घेऊन बघितल्या. एकदम आठवण झाली तेव्हा पळत सुटले. गार्डला विचारलं, त्याने जिना दाखवला. अर्ध्या जिन्यावर होते आणि वरून आमची सगळी वरात खाली येताना दिसली, पुढे काका टाळ्या वाजवत. “चला चला, मसालेभात!” मी म्हटलं, “काका, फक्त पाच मिनिटं.” ते म्हणाले, “अगं, वर काही नाही, सगळी काळोखी चित्रं आहेत.” आणि माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला वळवलं. मी वळले. हात झटकून वर पळाले असते तर काकांनी काय केलं असतं? काही नाही. बडबडले असते. पण मी वळले.

परत आलो तर खिडक्यांच्या काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या, घरभर गोड्या मसाल्याचा वास, आणि सगळे “वा, वा” करत ताटांकडे धावले. आईने हात पुसले, मला बाथरूममध्ये ओढलं, दार लावलं आणि टबच्या कडेवर बसली. “बोल. काय आहे मागे?” केसांना फोडणीचा वास येत होता, बोटांना हळद. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला खरं बोलता आलं नाही. म्हटलं, “निळा.” दुकानातल्या टाइल्स डोळ्यांसमोर होत्या, दुसरं काही नाही. “निळा?” “हो. गडद निळा. काळा अजिबात नाही.” आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. “बाई गं! निळा! कुठल्याच पुस्तकात नाही आला गं तो. म्हणजे सर बरोबर होते.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. बाहेरून काकांनी दार ठोठावलं, “वहिनी, लिंबू कुठाय?” आई उठली आणि लिंबू द्यायला गेली. मी टबच्या कडेवर बसून राहिले.

त्यानंतर एडिसनला परत आल्यावर काकांनी ट्रिपच्या स्लाइड्स दाखवल्या. तीन संध्याकाळी चालल्या त्या. प्रत्येक राजवाड्यासमोर काका होते. आई तिसऱ्या संध्याकाळी गेलीच नाही. तिने आमचं बेसमेंट झाडून घेतलं, फोल्डिंग टेबलं आणली आणि शनिवारी सकाळी मंडळातल्या मुलांना चित्रकला शिकवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी सहा मुलं होती, नंतर नंतर आयांना नाव नोंदवून थांबावं लागायचं. तीस वर्षं चालला तो क्लास. मुलं तिला मावशी म्हणायची, ती मराठीत सांगायची, मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि सगळं व्यवस्थित चालायचं. आणि त्या सगळ्या मुलांनी सफरचंदाची, चहाच्या कपाची, आजोबांच्या चेहऱ्याची सावली निळी रंगवली. “सावलीत काळा घालायचा नाही. मोठमोठे चित्रकार निळा घालतात. पुस्तकात दिसत नाही, पण माझ्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.” मी जिन्यावरून कपडे घेऊन उतरताना हे ऐकायचे, आणि तशीच परत वर जायचे.

पुढे ऑफिसच्या कामाने मला एकदा अ‍ॅमस्टरडॅमला जावं लागलं. एकटीच गेले म्युझियममध्ये. पाऊण तास त्या म्हातारीसमोर उभी राहिले. निळ्याचा टिपूसही नव्हता. घरी आल्यावर आईने विचारलं, “पुन्हा पाहिलंस का गं?” मी म्हटलं, “नाही, वेळच नाही मिळाला.” एवढी मोठी, दोन मुलांची आई झालेली बाई, आणि पुन्हा खोटं.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. करंदीकरकाकाही गेले. आई चौऱ्याऐंशीची आहे, माझ्याकडेच खालच्या खोलीत असते, नाकाला ऑक्सिजनची नळी, त्यामुळे डॉक्टरने विमानाला साफ नाही म्हटलंय. या हिवाळ्यात मी हे प्रकरण लिहायला घेतलं आणि एका दुपारी तिला वाचून दाखवलं. भात, तक्ता, “तिला काय,” चाकाची खुर्ची. आई मनापासून हसली. “करंदीकरांना बरं धुतलंस. आणि तुझ्या बाबांनाही. आता तू बघून आलीस ते वाच.” ते मी लिहिलंच नव्हतं. मी चष्मा काढला आणि म्हटलं, “आई, मी पाहिलं नव्हतं. कॅफेत बसले होते. निळा दुकानातल्या टाइल्सचा होता.” नंतर एकदा पाहिल्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. ती जाऊ दे म्हणायच्या वयाची आहे.

आई खुर्चीत ताठ बसली. इतकी चिडलेली मी तिला आयुष्यात पाहिली नव्हती. “माझा दिवस गेला तो गेला. लोकांनी पोटभर खाल्लं. ते सोड. पण मी पोट्ट्यांना शिकवलं ना गं हे! तीस वर्षं! ती कुलकर्ण्यांची अनघा, दहा वर्षांची होती, आयपॅड घेऊन आली आणि म्हणाली, ‘मावशी, इट्स नॉट ब्लू.’ मी तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, तू त्या डबड्यावर विश्वास ठेवतेस, की माझ्या मुलीच्या डोळ्यांवर? पोट्टी रडली. ती बरोबर होती! करंदीकरांनी माझं चित्र घेतलं, तू माझा क्लास खोटा केलास.” मी सॉरी म्हटलं. “मला नको तुझं सॉरी. फोन लाव तिला.” मी म्हटलं, आई, ती बेलव्ह्यूला असते, गेम्सच्या कंपनीत आहे, तिथे आत्ता कामाची वेळ असेल. “लाव म्हणते ना!”

स्पीकरवर लावला. “हाय मावशी! इज एव्हरीथिंग ओके?” आई म्हणाली, “अनघा, सावलीत निळा नव्हता. तू बरोबर होतीस. मी तुला उगाच रडवलं, माझं चुकलं.” “ओ माय गॉड, मावशी, यू रिमेंबर दॅट? आय डू ब्लू शॅडोज फॉर अ लिव्हिंग, यू नो.” मग ती हसली आणि म्हणाली, “सो व्हॉट कलर इज इट, रिअली?” आईने माझ्याकडे बोट केलं. “हिला विचार. हिने पाहिलंय म्हणे.”

मी म्हटलं, “ब्राउन.”

“ब्राउन म्हणजे?” आई कडाडली. “कुठला ब्राउन? असं उत्तर पहिलीतली पोरं देतात. नीट सांग.”

मी डोळे मिटले. म्हटलं, डोक्यामागे तूप कढवल्यावर तळाशी बेरी जळते ना, तसा आहे. खांद्याकडे येताना त्यात लाल मुरलाय. शालीच्या कडेला जरासा हिरवट. पुस्तकावरून उजेड वर आलाय तिथे तो अंधारही गरम दिसतो. आणि अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात काळा आहे. थोडाच, पण आहे. नुसता काळा.

“आहे?” आई म्हणाली. “काळा आहे?”

“आहे.”

आईने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. नळीतला हवेचा आवाज तेवढा येत होता. फोनमधून अनघा विचारत होती, “मावशी? आर यू देअर?”

“थांब गं,” आई म्हणाली, “बघतेय मी.”